प्रवाशाची नागवणूक: पंढरपूरपासून सिरोंच्यापर्यंत एक आढावा

परमुलखात पाऊल टाकलेला माणूस नागवला जातो, ही तक्रार प्रवासाइतकीच पुरातन आहे. आणि काशीयात्रेला निघालेल्या आपल्या पूर्वजांनी कमरेच्या कशात रुपये शिवून घेतले तेथपासून तो युरोपच्या सहलीला निघालेल्या त्यांच्या पणतवंडांनी पासपोर्ट पोटाशी बांधला तेथपर्यंत या तक्रारीचा सूर फारसा पालटलेला नाही. या तक्रारीचा निवाडा करणाऱ्यांचे मात्र दोन तट पडतात. एक तट सारा दोष दलालांच्या माथी मारून मोकळा होतो. दुसरा, प्रवाशानेच डोळे उघडे ठेवले असते तर ही पाळी आली नसती, असे म्हणून त्याच्या पदरी मूर्खपणाचे माप घालतो. प्रस्तुत लेखात हा प्रश्न पंढरपूर, व्हेनिस आणि रोम अशा गजबजलेल्या स्थळांपासून तपासत तपासत चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांपर्यंत, आणि अखेर ज्या गावी लुटण्यासारखा प्रवासीच वर्षातील बहुतेक दिवस फिरकत नाही त्या सिरोंच्यापर्यंत आणावयाचा आहे. कारण रोग कोठे नाही हे पाहिल्याखेरीज तो कशाने होतो हे नीट उमगत नाही.

आरंभीच आमचे म्हणणे सांगून टाकतो. प्रवासी नागवला जाण्यास तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: त्याच्यापाशी वेळ थोडा असावा, त्याची इच्छा एकाच वस्तूवर खिळलेली असावी, आणि त्या वस्तूची माहिती व तिच्यापाशी नेणारी वाट ही दोन्ही दुसऱ्या एकाच्याच हाती असावीत. या तिहींपैकी एक जरी निखळली तरी निष्णात दलालाचीही मात्रा चालत नाही.

आपल्याकडे या प्रकरणाचे जुने दफ्तर क्षेत्रांच्या ठिकाणी सापडते. क्षेत्रोपाध्याय, पंडे, बडवे यांची संस्था केवळ लुबाडणुकीसाठी निर्माण झाली, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. रेल्वे नव्हती, खानावळ नव्हती, पत्र पोचण्याची शाश्वती नव्हती, त्या काळी शेकडो कोसांवरून आलेल्या कुटुंबाला उतरावयास जागा देणे, त्याचे श्राद्ध-पक्ष करविणे, आजारपणात त्याची शुश्रूषा करणे आणि त्याच्या पूर्वजांपैकी कोण, केव्हा, कोणाबरोबर येऊन गेला याची नोंद वहीत राखणे, ही कामे तीर्थोपाध्यायच करीत असे. नाशिक, त्र्यंबक, काशी येथील या वह्यांतून अनेक घराण्यांना आपली वंशावळ आजही सापडते, आणि सरकारी कागदांत न सापडणारे पणजोबांचे नाव त्या बाडात निघाले म्हणजे दक्षिणेचा हात आपोआप सैल होतो. परंतु ज्या व्यवस्थेत यजमान उपाध्यायाला वंशपरंपरेने बांधलेला असतो, तीत दराची चौकशी करण्याची सोयच उरत नाही. गुडघाभर पाण्यात उभे राहून, ओंजळीत संकल्पाचे पाणी धरून, गोत्र आणि पितरांची नावे उच्चारून झाल्यावर जेव्हा दक्षिणेचा आकडा पुढे येतो, तेव्हा घासाघीस करावयास यजमानाची जीभ रेटत नाही. पाणी सोडावयाचे तर आकडा मान्य केला पाहिजे, आणि न सोडावे तर पितर उपाशी राहतात. वेळ, इच्छा आणि माहिती या तिन्ही गोष्टी एका क्षणी एका माणसाच्या मुठीत येण्याचे याहून चोख उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

पंढरपूरचा दाखला या बाबतीत विशेष बोधप्रद आहे. विठ्ठल-रुक्मिणीच्या पूजेअर्चेचे व उत्पन्नाचे हक्क बडवे, उत्पात आणि सेवाधारी यांच्याकडे पिढीजात चालत आले होते, आणि त्या उत्पन्नाच्या वाटपासंबंधी व भाविकांच्या छळासंबंधी तक्रारी इतक्या साचल्या की सरकारला १९६८ साली न्या. नाडकर्णी यांचा आयोग नेमावा लागला. त्याच्या शिफारशींवरून १९७३ चा पंढरपूर मंदिरे अधिनियम झाला. त्यावर दावे-प्रतिदावे चालून सरकारनियुक्त समितीच्या हाती कारभार १९८५ साली आला. आणि वंशपरंपरागत हक्कांचा शेवटचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१४ मध्ये दिला. एका देवळाच्या दारातला मध्यस्थ दूर करावयास कायदा होऊनही चाळीस वर्षे लागली, यावरून अशी व्यवस्था किती खोल मुरलेली असते हे ध्यानी यावे. आणि तरीही आषाढीच्या गर्दीत झटपट दर्शन घडवितो म्हणून पैसे मागणारा कोणीतरी भेटत असल्याच्या बातम्या अधूनमधून येतातच. कारण हक्कदार गेला तरी गर्दी आणि घाई ही कायम राहिली.

युरोपातील ऐतिहासिक नगरांची गोष्ट वरवर निराळी, परंतु मुळाशी हीच आहे. टॉमस कुक या इंग्रज गृहस्थाने १८४१ साली लेस्टरहून लाफबरोपर्यंत आगगाडीची सवलतीची फेरी काढली, आणि त्यातून पुढे जी सामूहिक सहलीची पद्धत वाढली तिने सामान्य मध्यमवर्गीयाला परदेश दाखविला, हे तिचे ऋण अमान्य करता येणार नाही. मराठी कुटुंबेही गेली तीन-चार दशके याच मार्गाने, पोळी-भाजीची हमी घेऊन, दहा-पंधरा दिवसांत सात-आठ देश पाहून येत आहेत. मात्र एका नगराच्या वाट्याला ज्या सहलीत अर्धा दिवस येतो, तीत बस जेथे थांबेल तेथेच खरेदी होते, आणि बस कोठे थांबावी हे प्रवासी ठरवीत नाही. व्हेनिसने तर या घाईवरच कर बसविला: मुक्काम न करता एका दिवसात नगर उरकू पाहणाऱ्यांकडून २५ एप्रिल २०२४ पासून, गर्दीचे नेमलेले दिवस पाहून, पाच युरो प्रवेशशुल्क घेण्यास तेथे सुरुवात झाली. रोमची तजवीज आम्हांस अधिक मार्मिक वाटते. तेथे विमानतळापासून प्राचीन ऑरेलियन तटाच्या आतील कोणत्याही ठिकाणापर्यंत टॅक्सीचे भाडे ठरवून दिलेले आहे. दीड सहस्रकांहून जुन्या तटाला नगरपालिकेने भाड्याची हद्द म्हणून कामाला लावले, आणि परक्या मुलखात उतरताच पहिल्या अर्ध्या तासात होणारी लूट पुष्कळशी आटोक्यात आली. याउलट व्हेनिसच्या सेंट मार्क चौकात १७२० पासून चालू असलेल्या फ्लोरियन उपाहारगृहात बसून कॉफी घेणारा प्रवासी बिल पाहून दचकतो खरा, पण त्याला फसविले असे म्हणता येत नाही. दर पत्रकावर छापलेला असतो, आणि इटलीत उभ्याने घेतलेली कॉफी व खुर्चीवर बसून घेतलेली कॉफी यांचे मोल एक नसते हा तेथला रिवाजच आहे. जेथे दर उघड आहे तेथे महागाई असेल, पण नागवणूक नाही, हा भेद पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवावा.

आता आपल्या वनजिल्ह्यांकडे येऊ. चंद्रपूर जिल्ह्यात येणाऱ्या परगावच्या पाहुण्याची इच्छा आज एकाच वस्तूवर खिळलेली असते, आणि ती वस्तू म्हणजे वाघ. ताडोबाचे राष्ट्रीय उद्यान १९५५ साली झाले, अंधारी अभयारण्य १९८६ साली, आणि दोहोंचा मिळून व्याघ्रप्रकल्प १९९५ साली. परंतु त्याभोवतीचा हा सारा बाजार गेल्या पंधरा-वीस वर्षांतील आहे. त्याची घडण पाहण्यासारखी आहे. कोअर क्षेत्रात रोज सोडावयाच्या जिप्सींची संख्या ठरलेली, मंगळवारी उद्यान बंद, पावसाळ्यात कोअर बंद, सकाळ-दुपारच्या दोनच फेऱ्या, आणि मागणी मात्र मुंबई-पुण्यापासून हैदराबादपर्यंतची. टंचाई खरी आहे आणि ती अरण्याच्या हिताची आहे, यात शंका नाही. पण खऱ्या टंचाईच्याच छायेत खोटा दलाल उगवतो. सरकारी संकेतस्थळासारखे दिसणारे दुसरे संकेतस्थळ उघडणे, गेट भरले असता 'आतून' जागा करून देतो म्हणून जादा रक्कम घेणे, बफरची फेरी कोअर म्हणून विकणे, हे प्रकार येथे घडले आहेत. आणि २०२३ साली तर खुद्द ऑनलाइन आरक्षणाच्या हिशेबातील कोट्यवधी रुपयांच्या अपहाराच्या आरोपाचे प्रकरण पोलिसांत गेले. दरपत्रक उघड असूनही नागवणूक होऊ शकते, कारण दर ठाऊक असणे निराळे आणि तो कोणाला, कोठे द्यावयाचा हे ठाऊक असणे निराळे.

तथापि ताडोबातील मोठी फसवणूक पैशांची नव्हे. पहाटे मोहर्ली गेटवर कागदपत्रांची तपासणी चाललेली असते. ब्लँकेटे पांघरलेली माणसे उघड्या जिप्सीत अवघडून बसलेली असतात. आणि फाटक उघडताच गाड्या ज्या वेगाने सुटतात त्यावरून त्यांना अरण्यात शिरावयाचे आहे की अरण्यातून बाहेर पडावयाचे आहे, हे कळू नये. वाटेत सांबर ओरडले तर तो सांबराचा आवाज म्हणून कोणी ऐकत नाही. वाघाची वर्दी म्हणून ऐकतो. समोरून येणाऱ्या गाडीला एकच प्रश्न असतो: 'सायटिंग झाली का?' झाली असेल तर तिकडे धाव, नसेल तर गाईडच्या तोंडाकडे पाहणे. वाघ दाखविण्याचे वचन कोणी प्रामाणिक माणूस देऊ शकत नाही. परंतु पाहुण्याने बक्षिशी त्या दर्शनावरच टांगून ठेवलेली असल्यामुळे, गावातलाच तरुण असलेला गाईड आणि जिप्सीचालक यांच्यावर गाडी पुढे दामटण्याचा दाब येतो. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण व तिचे बछडे पर्यटकांच्या गाड्यांनी दोहों बाजूंनी कोंडल्याची चित्रफीत देशभर गेली, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. त्या प्रकरणी चालक व गाईड यांच्यावर कारवाई झाली. पण त्यांना तेथवर हाकलीत नेणारी इच्छा मात्र मागच्या आसनांवर बसली होती.

या एकाग्रतेची खरी किंमत चंद्रपूर नगर मोजते. नागपूरहून चिमूरमार्गे कोलारा गेटवर उतरणाऱ्याला चंद्रपूर लागतच नाही, आणि मोहर्लीस जाणारा बहुधा भद्रावतीवरूनच वळतो. तटबंदीत वसलेले, इतिहासाने ओथंबलेले नगर पाहावयास जो सातासमुद्रापार जातो, त्याला येथे घराशेजारी सुमारे अकरा किलोमीटरांचा तट उभा आहे याची वार्ताही नसते. खांडक्या बल्लाळशहा या गोंड राजाला झरपट नदीच्या पाण्याने अंगावरच्या गाठी बऱ्या झाल्याचा अनुभव आला. पुढे शिकारीत एका सशाने उलट त्याच्या कुत्र्याचाच पाठलाग केला. आणि तो पाठलाग ज्या वाटेने झाला त्याच रेषेवर राणीच्या सल्ल्याने तटाची आखणी झाली, अशी आख्यायिका आहे. उत्तरेस जटपुरा, पूर्वेस अंचलेश्वर, दक्षिणेस पठाणपुरा, पश्चिमेस बिनबा असे चार दरवाजे. आणि त्यांखेरीज चोर, विठोबा, हनुमान, मसाण व बगड या खिडक्या. दरवाजांवर हत्तीला पायाखाली घेतलेल्या सिंहाचे राजचिन्ह आहे. १७५१ साली नागपूरकर भोसल्यांनी हे राज्य घेतले, १८१८ साली इंग्रजांनी तट फोडला. पण गावाने दरवाजे सोडले नाहीत, आणि जटपुऱ्यातून आजही रोजची रहदारी जाते. अंचलेश्वर दरवाजाजवळ राणी हिराईने पती बीरशहासाठी उभारलेली समाधी, लालपेठेत भुईवर निजलेली अजस्र अपूर्ण शिल्पे, चैत्रात मराठवाड्यातून लाखो भाविक जिच्या दर्शनास येतात ती महाकाली, आणि १६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जेथे धम्मदीक्षा दिली ती दीक्षाभूमी, हे सारे एका दिवसाच्या पायी फेरीत येते. मार्च २०१७ पासून इको-प्रो या संस्थेच्या तरुणांनी तटावरचे रान श्रमदानाने काढले, तेव्हा खुद्द गावकऱ्यांनाही आपला किल्ला नव्याने दिसला. येथे प्रवाशाला अडविणारा दलाल नाही, कारण विकावयास काही मांडलेलेच नाही. येथे प्रवासी नागवला जातो तो आपल्याच यादीकडून.

यादीप्रमाणेच उपाधीही नागवते. गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी तालुक्यात, वैनगंगा जेथे उत्तरवाहिनी होते तेथे, मार्कंडा देवस्थानचा मंदिरसमूह आहे. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी आपल्या अहवालात त्याची सविस्तर नोंद केली. अठराव्या शतकात वीज पडून मुख्य देवालयाचे शिखर कोसळले, त्याच्या खुणा अद्याप दिसतात. आणि पुरातत्त्व खात्याचे दुरुस्तीचे काम वर्षानुवर्षे रेंगाळत चालले आहे. या स्थळाला कोणी 'विदर्भाची काशी' म्हणतो, कोणी 'विदर्भाचे खजुराहो'. अशा उपाध्या देणाऱ्याचा हेतू गौरवाचा असतो. पण खजुराहोची अपेक्षा बांधून आलेला माणूस मैथुनशिल्पे शोधीत फिरतो, ती थोडी सापडली म्हणजे हिरमुसतो, आणि वैनगंगेचे ते वळण, वाळवंटातली महाशिवरात्रीची जत्रा, भिंतींवरच्या शिवाच्या नानाविध मूर्ती यांच्याकडे पाठ फिरवून परततो. प्रत्येक तळ्याला काश्मीर आणि प्रत्येक घाटाला स्वित्झर्लंड म्हणण्याच्या आपल्या सवयीने किती ठिकाणांवर असा अन्याय केला असेल, याचा हिशेब कोणी मांडला नाही.

येथून दक्षिणेस आलापल्ली गाठून, तेथून पुढे सागवानी अरण्यातून सुमारे शंभर किलोमीटर गेले म्हणजे सिरोंचा लागते. जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणापासून दोनशे किलोमीटरांहून दूर, प्राणहितेच्या काठी, गोदावरीच्या संगमाजवळ वसलेले हे तालुक्याचे गाव. बाजारात तेलुगू, कचेरीत मराठी आणि आसपासच्या पाड्यांवर माडिया-गोंडी, अशा तीन भाषांत येथला व्यवहार चालतो. हा मुलूख १८६० साली निजामाकडून इंग्रजांकडे आला, आणि अपर गोदावरी जिल्ह्याचे मुख्य ठाणे म्हणून सिरोंच्याला काही वर्षे मोठे महत्त्व होते. इंग्रज अभियंता आर्थर कॉटन यांच्या कल्पनेप्रमाणे वऱ्हाड-नागपूरचा कापूस गोदावरीतून नावांनी समुद्रापर्यंत न्यावयाचा, आणि त्यासाठी नदीतील खडकांचे अडथळे बांधकामांनी ओलांडावयाचे, असा घाट त्या काळी घातला गेला होता. खर्च फुगला, रेल्वे आली, १८७१ साली काम थांबले, आणि १८७४ साली जिल्हाच मोडून मुलूख चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, जोडला गेला. त्यानंतर सिरोंचा दीर्घकाळ सर्वांच्या वाटेवरून बाजूला पडले, ते निजामाबाद-जगदलपूर महामार्गावर प्राणहिता, गोदावरी आणि इंद्रावती यांवरचे पूल होईपर्यंत.

येथे पाहावयास काय आहे? पलीकडच्या तीरावर तेलंगणातील कालेश्वर क्षेत्र आहे. तेथे एकाच पीठावर काल म्हणजे यम आणि मुक्तेश्वर म्हणजे शिव अशी दोन लिंगे आहेत, आणि मुक्तेश्वराच्या लिंगावरील दोन छिद्रांत ओतलेले पाणी गुप्तमार्गे संगमास मिळते अशी श्रद्धा आहे. तालुक्याच्या दुसऱ्या टोकास सोमनूर येथे इंद्रावती गोदावरीस मिळते. आणि तालुक्याच्या भुईत त्याहून जुना ऐवज आहे. कोटा गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खडकांच्या थरांतून निघालेल्या माशांच्या जीवाश्मांची चर्चा एकोणिसाव्या शतकातच विलायतेत झाली होती. आणि पुढे पोचमपल्लीजवळ कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या संशोधकांना एका प्रचंड शाकाहारी डायनोसॉरची सुमारे तीनशे हाडे मिळाली. रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या सुमारास निघालेल्या या प्राण्याचे १९७५ साली 'बारापासॉरस टागोराय' असे नामकरण झाले. त्याचा उभा सांगाडा पाहावयाचा तर मात्र सिरोंच्याला येऊन उपयोग नाही, कोलकात्याला जावे लागते. येथे वडधमच्या जीवाश्म उद्यानात अश्मीभूत वृक्षांचे ओंडके पाहून समाधान मानावे लागते. ज्या पोचमपल्लीतून तो प्राणी निघाला, त्याच पोचमपल्लीच्या काठाला गोदावरीवरील मेडीगड्डा धरणाचे अलीकडचे टोक टेकले आहे. २१ जून २०१९ रोजी त्याचे उद्घाटन झाले, ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे खांब खचले, आणि मधल्या काळात त्याच्या फुगवट्याने अलीकडच्या शेतकऱ्यांच्या कापूस-मिरचीच्या शेतांत पाणी शिरले, तो वाद अद्याप मिटलेला नाही. धरणाचे छायाचित्र काढणाऱ्याने अलीकडच्या काठावरचा हा हिशेबही ऐकून घ्यावा.

आमच्या तीन अटी येथे लावून पाहाव्यात. सिरोंच्याला आलेल्या माणसापाशी वेळ असतोच, कारण वेळ नसलेला येथवर येत नाही. त्याची इच्छा एका वस्तूवर खिळत नाही, कारण तशी जाहिरात कोणी केलेली नाही. आणि माहिती एकाच्याच हाती नसते. चहाच्या टपरीवर, एस. टी. स्थानकावर, काळी-पिवळीच्या आसनावर ज्याला विचाराल तो सांगतो, मराठीत अडला तर तेलुगूत सांगतो आणि दोन्हींत अडला तर बोटाने दाखवितो. म्हणून येथे नागवणूक नाही. परंतु या गोष्टीचे कौतुक करून थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. येथे राहण्याची बरी सोय मोजकी आहे, आलापल्लीचा रस्ता प्रवाशाची हाडे मोजून घेतो, वाटाड्या मिळेल असे ठरलेले ठिकाण नाही, आणि संगमाची किंवा जीवाश्मांची माहिती सांगणारा धड फलकही सर्वत्र नाही. लूट नसण्याचे कारण सचोटी आहे, तसेच दारिद्र्यही आहे. आणि दारिद्र्य सरताच सचोटीही सरावी, असा नियम होऊ द्यावयाचा नसेल, तर व्यवस्था आधी उभी राहिली पाहिजे.

याच टापूत नागवणुकीचा एक उलटा प्रकारही आढळतो, आणि तो प्रवाशाकडून होतो. हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प पाहावयास महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून माणसे येतात, डॉ. प्रकाश व मंदाकिनी आमटे यांनी १९७३ पासून केलेल्या कामापुढे नतमस्तक होतात. आणि परतताना एखाद्या माडिया पाड्यावर गाडी थांबवून, अंगणात मोहफुले वाळविणाऱ्या बाईचे छायाचित्र तिला न विचारता काढतात, मुलांना बिस्किटे वाटतात, गोटूल, म्हणजे तरुणांचे सामुदायिक घर, कोठे आहे म्हणून चौकशी करतात. अंदमानात जारवा आदिवासींच्या वस्तीतून जाणाऱ्या रस्त्यावर असेच 'दर्शन' विकले गेले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. तेथे सापळा यजमानासाठी लागला होता. आपण फसविले जाऊ नये म्हणून जो इतका दक्ष असतो, त्याने आपल्या हातून कोणाचा संकोच, कोणाचे घरपण लुटले जात नाही ना, एवढीही दक्षता ठेवावी, हे मागणे फार नाही.

दक्षतेचाही अतिरेक होतो. रिसॉर्टचे हजारो रुपये चुकवून आलेला गृहस्थ संगमावरच्या नावाड्याशी वीस रुपयांसाठी हुज्जत घालतो आणि 'मला कोणी फसवू शकत नाही' या समाधानात नदी पाहावयाची विसरतो, हे दृश्य विरळ नाही. नावाड्याने चार पैसे जास्त घेतले तरी ते गावातच राहतात. आरक्षणाच्या दलालाने घेतलेले कोठे जातात याचा पत्ता नसतो. पैसा कोणाच्या हाती पडतो, हे पाहून सावधपणाची मात्रा ठरवावी, हा आमच्या मते पहिला उपाय. दुसरा उपाय असा की ज्या स्थळी एक दिवस देणार होतो तेथे दोन द्यावेत, आणि पाहावयाच्या स्थळांची यादी तितकीच कमी करावी. दलाल घाईवर जगतो. उद्या सकाळी पुन्हा येतो असे म्हणू शकणाऱ्या माणसाशी त्याचा सौदा जमत नाही. ताडोबाला जाणाऱ्याने आरक्षण वनखात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरच करावे, बक्षिशी वाघ दिसण्यावर न टांगता गाईडच्या माहितीवर द्यावी, आणि एक सफारी कमी करून चंद्रपूरचा तट पायांखाली घालावा. तीर्थाला जाणाऱ्याने दक्षिणा पाण्यात उतरण्यापूर्वी, काठावर असतानाच ठरवावी. धर्मशास्त्राचा याला विरोध असल्याचे आमच्या वाचनात नाही. परभाषेच्या मुलखात जाणाऱ्याने त्या भाषेतले आकडे तेवढे शिकून जावे. कालेश्वरी तेलुगूत 'एंता?' म्हणजे 'किती?' असे विचारणाऱ्याला निराळा भाव सांगण्याचा मोह सहसा कोणास होत नाही.

बाकीचे काम सरकारदरबारचे आहे, आणि त्याला मुदत आहे. गुरू मीन राशीत आला असता १३ ते २४ एप्रिल २०२२ या काळात प्राणहितेचे पुष्कर, म्हणजे नदीस्नानाचे पर्व, झाले, तेव्हा एरवी सामसूम असलेल्या सिरोंच्याच्या घाटावर लाखोंनी माणसे लोटली. २०२५ च्या मे महिन्यात पलीकडे कालेश्वरी सरस्वती पुष्कर झाले. आणि आता गुरू सिंह राशीत शिरताच २०२७ च्या पावसाळ्यात गोदावरी पुष्कर येत आहे. नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ आणि हे पुष्कर एकाच ग्रहाच्या एकाच संक्रमणावर आधारलेले आहेत. मागील खेपेस, १४ जुलै २०१५ रोजी, नदीच्या एका टोकास सिंहस्थाचा ध्वज चढला आणि त्याच दिवशी त्याच नदीच्या दुसऱ्या टोकास राजमहेंद्रीला एकाच घाटावर स्नान घडावे या हट्टापायी चेंगराचेंगरी होऊन पंचवीसहून अधिक भाविक दगावले. तेथे घाट पुष्कळ होते. गर्दीला ठाऊक असलेला घाट एकच होता. सिंहस्थासाठी नाशिककडे जो निधी, जे अधिकारी, जो बंदोबस्त वळतो, त्याचा अल्पसा अंश जरी गोदावरी ज्या तालुक्यातून महाराष्ट्राचा अखेरचा निरोप घेते तेथे आला, तरी पुष्कळ साधेल. नाव, काळी-पिवळी, वाहनतळ व खोली यांचे दर मराठी, तेलुगू आणि हिंदीत लिहून घाटावर व स्थानकावर लावावेत. सोमनूर, वडधम व संगमाची माहिती सांगणारे स्थानिक तरुण शिकवून त्यांना परवाने द्यावेत. आणि निरनिराळ्या घाटांची नावे आधीपासून इतकी गाजवावीत की कोणा एकाच घाटाचे माहात्म्य दुसऱ्यांच्या जिवावर उठू नये. पंढरपूरला मध्यस्थ आधी आला आणि कायदा मागाहून, म्हणून चार दशके न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. सिरोंच्याला अजून मध्यस्थ आलेला नाही, आणि दरफलकाला लागणारा पत्रा व रंग तहसील कचेरीच्या किरकोळ खर्चात बसतो.